बेग द क्वेश्चन

बेग द क्वेश्चन : इंग्रजीतील एक रूढ वाक्प्रचार. तर्कशास्त्रातील त्याचा मूळ अर्थ, जे सिद्ध करायचे तेच युक्तिवादात आधी गृहीत धरणे. बोलण्यात आणि वृत्तपत्रांत आज अधिक आढळणारा अर्थ मात्र वेगळा : एखाद्या घटनेमुळे पुढचा प्रश्न उभा राहणे. मुद्द्याला बगल देणे, असा तिसराही अर्थ काही लेखक घेतात. त्यामुळे हे तीन शब्द वाचणाऱ्याला लेखकाच्या मनातला अर्थ कळेलच, याची खात्री नसते.

या गोंधळाचे मूळ अ‍ॅरिस्टॉटलच्या काळातल्या वादसभेत आहे. तिथे एक जण प्रश्न विचारी, दुसरा हो-नाही असे उत्तर देई आणि पदरात पडलेल्या होकारांवरून पहिल्याने आपला निष्कर्ष बांधायचा असे. वादाचा मूळ मुद्दाच ‘एवढे मान्य करा’ म्हणून मागून घेतला, तर तो डाव फसवा ठरे. अ‍ॅरिस्टॉटलने ‘प्रायर अ‍ॅनॅलिटिक्स’मध्ये या दोषाची चिकित्सा केली आणि ‘टॉपिक्स’मध्ये मूळ मुद्दा मागून घेण्याचे पाच प्रकार सांगितले. लॅटिनमध्ये हा दोष ‘पेटिशिओ प्रिन्सिपिआय’ झाला, तर सोळाव्या शतकातल्या इंग्रजीत ‘बेग द क्वेश्चन’. यातल्या ‘बेग’ला भीक मागण्याशी कर्तव्य नाही, प्रतिपक्षाकडून फुकट मागून घेणे एवढाच त्याचा अर्थ. ‘क्वेश्चन’ म्हणजेही प्रश्नचिन्हाचा प्रश्न नव्हे, तर वादाचा विषय. ही पार्श्वभूमी विसरली गेली आणि तेच शब्द आजच्या अर्थाने वाचले, की ‘प्रश्न विचारा अशी विनवणी करणे’ असे काहीतरी हाती लागते. नवा अर्थ रूढ झाला यात नवल नाही. त्यासाठी वापरणाऱ्यांना अडाणी ठरवणे अन्यायाचे आहे.

दोषाचे ठळक रूप वर्तुळाचे असते. अमुक ग्रंथ प्रमाण का, तर तो ईश्वराने सांगितला आहे. ईश्वराने सांगितला हे कशावरून, तर ग्रंथातच तसे लिहिले आहे. मोलिएरच्या 1673च्या ‘ल मालाद इमॅजिनेर’ या नाटकात अफूने झोप का येते असे विचारल्यावर, तिच्यात झोप आणणारा गुण असतो म्हणून, असे विद्वत्तापूर्ण उत्तर मिळते. एच. डब्ल्यू. फाउलरने 1926च्या आपल्या इंग्रजी वापरकोशात वर्तुळ नसलेले, कोल्ह्याच्या शिकारीचे उदाहरण दिले : शिकारीत कोल्ह्यालाही मजा येते, सबब ती क्रूर नाही.

दोष नेहमी असा उघडा दिसत नाही. कधी तो एका विशेषणात लपतो. जेरेमी बेंथमने 1824च्या ‘बुक ऑफ फॅलसीज’मध्ये अशा नावांकडे लक्ष वेधले : वस्तूला नाव देतानाच तिच्याबद्दलचा निकाल देऊन टाकायचा. मोर्चातल्या माणसांनी दंगा केला का, हे ठरायचे असताना त्यांना पहिल्याच वाक्यात ‘दंगेखोर’ म्हटले, तर पुढे चर्चेला उरते काय?

जॉन स्टुअर्ट मिलने 1843च्या ‘सिस्टिम ऑफ लॉजिक’मध्ये तर थेट अनुमानाच्या पायालाच हात घातला. ड्यूक ऑफ वेलिंग्टन तेव्हा हयात होता; 1803 साली असईच्या लढाईत मराठ्यांशी लढलेला आर्थर वेलस्ली तो हाच. तो मर्त्य आहे हे ‘सर्व माणसे मर्त्य आहेत’ या विधानावरून सिद्ध करू म्हटले, तर त्या ‘सर्व’मध्ये वेलिंग्टन आधीच मोजलेला असतो. म्हणजे पुरावा म्हणून पाहिले तर अशा प्रत्येक संवाक्यात (सिलॉजिझममध्ये) हाच दोष आहे, असे मिलचे म्हणणे. तर्कशास्त्रज्ञ अजूनही त्यावर वाद घालतात.

भारतीय न्यायदर्शनात ‘बेग द क्वेश्चन’ला जवळचा हेत्वाभास, म्हणजे सदोष हेतू, ‘साध्यसम’. गौतमाच्या न्यायसूत्रांतल्या पाच हेत्वाभासांपैकी हा एक. वात्स्यायनाने दिलेले उदाहरण सुंदर आहे : छाया हे द्रव्य आहे, कारण ती चालते. पण छाया खरोखर चालते, की प्रकाश अडवणारी वस्तू चालते आणि छाया चालल्याचा नुसता भास होतो? हेतूच साध्याइतका असिद्ध! मात्र साध्यसम आणि इंग्रजी वाक्प्रचार तंतोतंत एक मानणे घाईचे ठरेल. साध्यसमात हेतू सिद्ध झालेला नसतो, पण तो निष्कर्षाचेच दुसरे रूप असतो असे नाही. पुढच्या नैयायिकांनी तो ‘असिद्ध’ या वर्गात घातला. वर्तुळाकार युक्तिवादासाठी आत्माश्रय, अन्योन्याश्रय आणि चक्रक ही नावे अधिक नेमकी आहेत. ग्रंथ आणि ईश्वर यांचे वरचे उदाहरण अन्योन्याश्रयाचे : दोन्ही विधाने एकमेकांच्याच आधारावर उभी. या संज्ञांचा खोलात शोध घ्यायचा तर भीमाचार्य झळकीकरांचा संस्कृत ‘न्यायकोश’ आहेच. वासुदेवशास्त्री अभ्यंकरांनी सुधारलेली त्याची आवृत्ती पुण्याच्या भांडारकर संस्थेने 1928मध्ये काढली.

वाक्यरचनेवरून अर्थ बहुधा ओळखता येतो. मूळ अर्थाने वापरताना कर्ता हा युक्तिवाद किंवा तो मांडणारी व्यक्ती असते आणि वाक्य तिथेच संपते : ‘युअर आर्ग्युमेंट बेग्ज द क्वेश्चन.’ पुढे कोणताही प्रश्न येत नाही. ‘द’च्या जागी ‘अ’ सहसा येत नाही, ‘क्वेश्चन’चे अनेकवचनही सहसा होत नाही. विशेषण करायचे असेल तर ‘क्वेश्चन-बेगिंग’ असे जोडचिन्हाने लिहितात. नव्या अर्थात मात्र कर्ता एखादी घटना असते आणि पाठोपाठ प्रश्न येतोच : ‘हिज रेझिग्नेशन बेग्ज द क्वेश्चन ऑफ हू विल सक्सीड हिम.’ आजचे मोठे इंग्रजी कोश हा अर्थ नोंदवतात, तेव्हा तो इंग्रजीत नाहीच असे म्हणता येत नाही. पण चोखंदळ संपादक त्यावर लाल रेघ ओढतात. उलट मूळ अर्थाने लिहिले, तर पुष्कळ वाचक ‘कोणता प्रश्न?’ म्हणून पुढची ओळ शोधतात.

अमेरिकी कोशकार ब्रायन गार्नर याने अशा शब्दांना 1998च्या आपल्या वापरकोशात ‘स्कंक्ड टर्म’ असे नाव दिले. स्कंक हा दुर्गंधी सोडणारा प्राणी. अर्थ बदलण्याच्या ऐन वादात सापडलेला शब्द कोणत्याही बाजूने वापरा, कोणीतरी नाक मुरडणारच.

म्हणून परीक्षेतल्या निबंधात, अर्जात किंवा कार्यालयीन पत्रात प्रश्न उभा राहतो असे म्हणायचे असेल, तर सरळ ‘रेझेस द क्वेश्चन’ लिहावे. ते कोणालाच खटकत नाही. युक्तिवादातला दोष दाखवायचा असेल तर ‘अझ्यूम्स व्हॉट इट सेट्स आउट टू प्रूव्ह’ असे उलगडून लिहिलेले बरे. मूळ वाक्प्रचार वाचताना ओळखता आला पाहिजे; लिहिताना तो तर्कशास्त्राच्या उत्तरपत्रिकेपुरता ठेवावा.