स्विचचा सातबारा

भोरहून वेल्ह्याला जायचं म्हणजे कापूरहोळ, चेलाडी, नसरापूर, मार्गासनी असा मोठा वळसा. पीएचडीला लागण्याआधी एका जुलैत, भर पावसात, मी हा रस्ता दुचाकीवरून कापला तो एका शब्दापायी. तो शब्द होता 'ॲड'. ती गोष्ट सांगतेच, पण आधी थोडा इतिहास. कारण माझी चूक मला नीट कळली ती इतिहास वाचल्यावरच.

इथरनेटचा जन्म 1973 सालचा, झेरॉक्सच्या प्रयोगशाळेतला. मूळ कल्पना साधी होती: सगळे संगणक एकाच तारेवर, एक बोलला की सगळ्यांना ऐकू जाणार. दहा-वीस संगणकांना हे पुरतं. शेकडो झाले की 'हा पत्ता कुणाचा?' अशा सगळ्यांना मारलेल्या हाकांनीच जाळं तुंबायला लागतं. अमेरिकेतल्या बेलकोर संस्थेत डेव्हिड सिन्कोस्की 1980च्या दशकात मोठ्या इथरनेटच्या याच प्रश्नावर काम करत होते. जाळं एकच ठेवून त्यात वेगवेगळ्या वाटा चालवायच्या आणि कोणती फ्रेम कोणत्या वाटेची हे खुणेने ओळखायचं, या विचाराची मुळं त्यांच्या आणि चेस कॉटन यांच्या कामात सापडतात.

1990 साली कॅलिफोर्नियातल्या एका छोट्या कंपनीने सात पोर्टांचा इथरनेट स्विच विकायला काढला. कंपनीचं नाव 'कल्पना'! संस्थापकांपैकी विनोद भारद्वाज हे भारतीय वंशाचे, आणि कंपनीला त्यांनी पत्नीचं नाव दिलं होतं. 1994 साली सिस्कोने ती विकत घेतली. त्याच्या आदल्या वर्षी सिस्कोने क्रेसेंडो नावाची आणखी एक स्विच कंपनी घेतली होती. म्हणजे मूळची राउटर बनवणारी सिस्को स्विचच्या धंद्यात शिरली ती दुसऱ्यांची घरं विकत घेत.

हे सगळं कशाला सांगतेय? आता कुठल्याही जुन्या सिस्को स्विचवर 'शो व्हीलॅन ब्रीफ' ही आज्ञा देऊन बघा. कोणता पोर्ट कोणत्या व्हीलॅनमध्ये, याची यादी येते. मी तिला स्विचचा सातबारा म्हणते. पहिला व्हीलॅन 1, डीफॉल्ट. कुणाच्याच नावावर न केलेले पोर्ट त्यात. आणि अगदी तळाला 1002 ते 1005. हे आपण कुणीच बनवलेले नसतात आणि पुसताही येत नाहीत. त्यांची नावं एफडीडीआय आणि टोकन रिंग या इथरनेटच्या जुन्या प्रतिस्पर्ध्यांची आहेत. ती तंत्रं कधीच मागे पडली, पण सातबाऱ्यावर कंस केलेली जुनी नावं राहतात ना, तशी ही राहिली.

दुसरी खूण बघा. काही स्विचवर ट्रंक करण्याआधी 'स्विचपोर्ट ट्रंक एन्कॅप्सुलेशन डॉट-वन-क्यू' असं लिहावं लागतं. ट्रंक म्हणजे अनेक व्हीलॅनची रहदारी वाहणारी एकच जोडणी. सर्वमान्य प्रमाण होतं त्याआधी सिस्कोची स्वतःची आयएसएल नावाची पद्धत होती, म्हणून स्विच विचारतो, 'यातली कोणती?' 1998 साली 802.1क्यू हे प्रमाण प्रसिद्ध झालं. त्यात फ्रेममध्ये चार बाइटची चिठ्ठी घालतात. चिठ्ठीतले 12 बिट व्हीलॅनच्या क्रमांकासाठी, म्हणून एकूण 4096 आकडे. 0 आणि 4095 राखीव. वापरायला उरतात 4094.

आता माझी गोष्ट. भोर आणि वेल्हे इथल्या दोन कार्यालयांचं नेटवर्क मी सांभाळत होते. मधल्या ट्रंकवर व्हीलॅन 10 आणि 20 चालू होते. अर्ज भरण्याचा शेवटचा दिवस, त्यासाठी 30 वाढवायचा होता. भोरला बसून मी वेल्ह्याच्या स्विचवर लिहिलं, 'स्विचपोर्ट ट्रंक अलाउड व्हीलॅन 30'. पडदा थिजला. 10 आणि 20 दोन्ही गेले, आणि 10 वरूनच तर मी त्या स्विचशी बोलत होते!

लिहायला हवं होतं 'अलाउड व्हीलॅन ॲड 30'. 'ॲड' नसेल तर स्विच समजतो की ही नवी, पूर्ण यादी. तेव्हा मला हा निव्वळ खोडसाळपणा वाटला. पण कॉन्फिगरेशनची ओळ 'काय बदल' हे सांगत नाही, 'काय असावं' हे सांगते. सातबारा आजची स्थिती दाखवतो, बदलाची नोंद फेरफारात होते. मी फेरफार समजून अख्खा सातबारा नव्याने लिहिला होता.

वेल्ह्याला पोचले तेव्हा रेनकोटमधून पाणी निथळत होतं आणि दाराशी अर्जवाल्या मुलांची रांग होती. मी कन्सोल केबल शोधत होते, तेवढ्यात शिपाईकाका म्हणाले, "मॅडम, एकदा बंद करून चालू करू का?" त्यांनी बटण दाबलं. काही मिनिटांत सगळं पूर्ववत. कारण माझा बदल फक्त रनिंग-कॉन्फिगमध्ये, म्हणजे वीज गेली की पुसल्या जाणाऱ्या स्मृतीत होता. स्टार्टअप-कॉन्फिग जुनीच होती. एका फोनवर झालं असतं! 30 मग तिथेच बसून, 'ॲड' लिहून वाढवला आणि मुलांचे अर्ज गेले.

तेव्हापासून माझा क्रम ठरलेला आहे. आधी 'शो व्हीलॅन ब्रीफ' आणि 'शो इंटरफेसेस ट्रंक'. दोन्ही, कारण चालू असलेला ट्रंक पोर्ट पहिल्या यादीत दिसतच नाही. स्विच लांबचा असेल तर 'रीलोड इन 10', म्हणजे संपर्क तुटलाच तर दहा मिनिटांनी तो आपोआप जुन्या स्थितीत उठेल. मग बदल, मग पुन्हा पाहणी. सगळं ठीक असेल तर 'रीलोड कॅन्सल', आणि सगळ्यात शेवटी सेव्ह.

सरावाला खरा स्विच नसला तरी पॅकेट ट्रेसर चालेल. पहिली आज्ञा पाहण्याचीच द्या, आणि तळाचे 1002 ते 1005 दिसतात का ते मला कळवा.