हा मंडप लग्नाचा का?

बदलापूरच्या कात्रप भागातील आमच्या शाळेपासून अंबरनाथचे शिवमंदिर फार दूर नाही. लोकलने अंबरनाथला उतरायचे आणि पूर्वेला वालधुनीच्या काठाकडे चालू लागायचे. नववीच्या मुलांना घेऊन आम्ही तेथे गेलो, तेव्हा मंडपातील कोरीव खांब पाहून एका मुलीने विचारले, "सर, मंडप म्हणजे लग्नाचाच ना? मग इथे कोणाची लग्नं लागायची?"

"राजघराण्यातली लागत असतील," असे आम्ही ठोकून दिले. मंदिर 'हेमाडपंती' आहे, हेही सांगून टाकले. घरी येऊन पुस्तके उघडली, तेव्हा आपली दोन्ही विधाने चुकली असे लक्षात आले. म्हणून त्याच मुलांना घेऊन पुन्हा गेलो.

या वेळी आम्ही कमी बोललो. मुलांनी पावलांनी अंतरे मोजून मंडपाचा कच्चा नकाशा काढला. मंडप भिंतींनी बंदिस्त आहे. पश्चिम, उत्तर आणि दक्षिण या तिन्ही बाजूंना दारे आहेत व प्रत्येक दारापुढे छोटा मुखमंडप आहे. चौथ्या बाजूने पायऱ्या उतरून गाभाऱ्यात जावे लागते. म्हणजे गाभाऱ्याला जोडलेला हा सभामंडप. दर्शनाला येणाऱ्यांनी जमण्याची जागा.

"मग मधले चार खांब कशाला?" त्याच मुलीचा प्रश्न. आम्ही तिला वर पाहायला सांगितले. खांबांवर घुमटासारखे छत आहे. त्यात खरी कमान नाही. दगडांचा प्रत्येक थर खालच्या थरापेक्षा थोडा आत सरकवत वरचे तोंड लहान करत नेले आहे. दगड दाब चांगला सोसतो, ताण मात्र फारसा सोसत नाही. लांब दगडी तुळई मध्येच मोडू शकते. म्हणून आधार जवळजवळ हवेत. खांब शोभेचे दिसले तरी छताचे वजन तेच पेलतात.

लग्नासाठी खास दगडी मंडप बांधले गेले, पण ते मुख्यतः दक्षिणेत, आणि तेथील वधूवर म्हणजे देव आणि देवी. त्यांना 'कल्याणमंडप' म्हणतात. कल्याण म्हटले की आमच्या मुलांना जंक्शनच आठवते; पण दक्षिणेत या शब्दाचा एक अर्थ विवाह असाही आहे. हंपीचे विठ्ठल मंदिर आणि वेल्लोरचे जलकंठेश्वर मंदिर येथे असे मंडप आहेत. ते आवारात स्वतंत्र उभे असतात, बाजूंनी खुले असतात आणि उत्सवात मूर्ती तेथे आणून बसवण्याची सोय असते. लेपाक्षीचा कल्याणमंडप तर अपुराच राहिला; खांब उभे आहेत, छत नाही. हे सारे विजयनगरच्या काळातले, सोळाव्या शतकातले. अंबरनाथ त्याहून सुमारे पाचशे वर्षे जुने.

हे कशावरून? उत्तरेकडच्या दारावर आतल्या बाजूने एक शिलालेख आहे. डॉ. भाऊ दाजी लाड यांनी त्यातला शक ७८२ असा वाचला, म्हणजे इ. स. ८६०. पुढे पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी तो ९८२, म्हणजे इ. स. १०६०, असा वाचला. भगवानलाल हे भाऊ दाजींच्याच हाताखाली लेखांच्या नकला करत तयार झालेले. एका अंकाने दोनशे वर्षांचा फरक पडला!

कोणते वाचन बरोबर, हे आम्ही मुलांनाच ठरवायला दिले. लेखात शिलाहार राजा मुम्मुणीचे नाव आहे. त्याचा थोरला भाऊ छित्तराज याचा भांडूप येथील ताम्रपट शके ९४८ चा आहे. उलट कान्हेरीच्या लेण्यांत शके ७७५ आणि ७९९ या दोन्ही वर्षांच्या लेखांत शिलाहार राजा कपर्दी याचे नाव येते. मुलांनी फळ्यावर काळरेषा काढली. ७८२ नेमके कपर्दीच्या काळात पडले. तेथे मुम्मुणीला जागाच नव्हती. ९८२ मात्र चपखल बसले. यादवांचा मंत्री हेमाद्री तर तेराव्या शतकातला. म्हणजे आमचे 'हेमाडपंती'ही दोनशे वर्षांनी हुकले होते. पांडवांनी हे देऊळ एका रात्रीत बांधले ही गावातली कथा मुलांना ठाऊक होती. ती त्यांनी वहीत उतरवून घेतली, काळरेषेवर मात्र मांडली नाही.

आपल्या गावाजवळही एखादे जुने देऊळ, बारव किंवा वीरगळ असेल. मुलांना तेथे न्या, नकाशा काढायला लावा. प्रश्न अडला तर "पाहून सांगतो" म्हणायला संकोच वाटू देऊ नका. भाऊ दाजींसारख्या विद्वानाचे वाचन त्यांच्याच हाताखाली शिकलेल्याने दुरुस्त केले. आम्हांला तर नववीतल्या मुलीनेच पुन्हा अभ्यासाला बसवले.