गारव्याची किंमत : जुन्या घराचा हिशेब

आपल्या स्मरणिकेत दरवर्षी पाककृती येतात, प्रवासवर्णने येतात, एखादे संतचरित्र येते. यंदा मी विषय घेतला आहे तो एका यंत्राचा. परंतु गेले दोन-तीन उन्हाळे भिशीचा दिवस असो की भजनाचा, ‘जुन्या घरात एसी बसवायला किती खर्च येतो हो?’ हा प्रश्न निघाल्यावाचून राहिलेला नाही. दुकानदार त्याचे उत्तर एका आकड्यात देतो. तो आकडा यंत्राचा असतो, घराचा नसतो. असे का, हे समजून घ्यावयाचे तर थोडे मागे जावे लागेल.

आपल्या वाड्यांना गारवा ठाऊक नव्हता असे नाही. दगडविटांच्या हात-दीड हात जाडीच्या भिंती दिवसभराचे ऊन आत येऊ देत नसत. मधल्या चौकातून तापलेली हवा वर निघून जाई. भर वैशाखात घरातील बायका दुपारी अंमळ लवंडत त्या माजघरात, कारण घरातील सर्वांत गार जागा तीच. संध्याकाळी चौकात पाणी शिंपडावे, दारावर वाळ्याचा पडदा भिजवून सोडावा, एवढ्यावर भागत असे. पुढे भाड्यासाठी वर मजले चढले, खोल्यांच्या खोल्या पाडल्या गेल्या, कौले जाऊन पत्रे आले. आज आपण ज्याला ‘जुने घर’ म्हणतो ते बहुधा हे असे असते : खाली जुनी शहाणी बांधणी आणि वर तापलेला पत्रा.

आता यंत्राकडे वळू. ‘दीड टनाचा एसी’ असे आपण म्हणतो, तेव्हा तो टन यंत्राच्या वजनाचा नसतो. एक टन बर्फ चोवीस तासांत वितळताना जेवढी उष्णता शोषून घेतो, तेवढी उष्णता बाहेर टाकण्याची शक्ती म्हणजे एक टन. हे माप बर्फाच्या व्यापाराच्या काळातले आहे. १८३३ साली फ्रेडरिक ट्यूडर ह्या अमेरिकन व्यापाऱ्याने बोस्टनहून तळ्याचा बर्फ जहाजाने कलकत्त्यास पाठविला. चार महिन्यांच्या प्रवासात पुष्कळसा वितळला, तरी सुमारे शंभर टन बर्फ पोहोचला. पुढे मुंबईलाही असा बर्फ येऊ लागला. तो कोणाच्या पेल्यात पडत असे हे सांगावयास नको.

हवा गार करणारे यंत्र जन्मले तेही माणसासाठी नव्हे. १९०२ साली न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागात एका छापखान्यातील कागद दमट हवेने फुगे आणि रंग जागेवर बसत नसत. त्यावर उपाय म्हणून विलिस कॅरियर ह्या तरुण इंजिनियराने हे यंत्र रचले. घरात ते प्रथम आले १९१४ साली, मिनियापोलिस येथील चार्ल्स गेट्स ह्या धनिकाच्या हवेलीत. ते सुमारे सात फूट उंच, सहा फूट रुंद आणि वीस फूट लांब होते. आपल्यापैकी कित्येकींचे सारे बिऱ्हाड तेवढ्या जागेत मावेल! स्वतः गेट्स त्याआधीच, १९१३ साली वारले होते.

दुसऱ्या महायुद्धानंतर खिडकीत बसणारी लहान यंत्रे निघाली. १९४७ साली अमेरिकेत अशी ४३,००० यंत्रे विकली गेली आणि नंतर खप झपाट्याने वाढला. तेव्हा तेथील गृहिणींनाही आपल्यासारखाच अनुभव आला. जुन्या घरांच्या वीजतारा दिव्यांपुरत्या आणि इस्त्रीपुरत्या होत्या; यंत्र सुरू केले की फ्यूज उडे. मग नवी घरेच यंत्राला धरून बांधण्यात येऊ लागली. छते बुटकी झाली, ओसऱ्या गेल्या, मोठमोठ्या काचा आल्या. ज्यांना नवे घर परवडले त्यांचा खर्च घराच्या किंमतीतच मिसळून गेला. जुन्या घरात जे राहिले, त्यांना तो वेगळा मोजावा लागला.

आपल्याकडे मुंबईचे रीगल चित्रपटगृह १९३३ साली वातानुकूलित होऊन उघडले. परंतु घरोघरी एसी येण्यास पुष्कळ वर्षे जावी लागली. यंत्रांवर वीजबचतीचे तारे लावण्याची योजना २००६ साली निघाली आणि २०१० पासून एसीवर ते सक्तीचे झाले. यंत्रे सुधारली, तुलनेने स्वस्तही झाली. घरे मात्र होती तिथेच आहेत.

माझ्या धाकट्या जाऊबाईंनी मागल्या वर्षी एसी बसविला. सदाशिव पेठेतील वाड्यात वरच्या मजल्यावर त्यांच्या दोन खोल्या आहेत, भाड्याच्या. त्यांच्या वहीतला हिशेब त्यांच्या परवानगीने देते. दीड टनाचे यंत्र ३८,००० रुपये. बसविण्याची मजुरी १,५००. बाहेरचे यंत्र गॅलरीला पेलवेना म्हणून ते मागल्या गच्चीत ठेवले, त्यासाठी जादा तांब्याची नळी ४,५०० आणि लोखंडी स्टँड १,०००. मीटरपासून खोलीपर्यंत स्वतंत्र जाड तार आणि तिचा स्विच ९,०००. नवे अर्थिंग ५,०००. पत्र्याखाली उष्णता अडविणारे छत १८,०००. दारेखिडक्यांच्या फटी बुजविण्यास सुताराला ३,०००. म्हणजे यंत्र ३८,००० चे आणि घराची तयारी ४२,००० ची, एकूण ८०,०००. विजेचे बिल ह्यापुढचे. पूर्ण जोराने चालले तर असे यंत्र तासाला सुमारे दीड युनिट घेते, आणि वापर वाढला की युनिटचा दरही चढतो.

ह्यातले तारेचे आणि अर्थिंगचे पैसे वाचविण्याचा मोह कोणीही धरू नये. जुन्या वाड्यात लाकूड फार. तापलेली तार आणि वाळलेली तुळई ह्यांची गाठ पडणे परवडणारे नाही. वीज कंपनीकडून मंजूर भार वाढवून घेणे आणि भिंतीस भोक पाडण्यापूर्वी मालकाची लेखी संमती घेणे, हेही आधी करावे.

खरी अडचण निराळीच आहे. ४२,००० रुपये जाऊबाईंनी ज्या घरात घातले ते त्यांचे नाही. उद्या वाडा पाडावयाचे ठरले तर यंत्र काढून नेता येईल. तार, अर्थिंग आणि छत मातीत जाईल. मालक म्हणतो, हौस तुमची, खर्च तुमचा. पण ८२ वर्षांच्या सासूबाई मे महिन्यात पत्र्याखाली रात्र रात्र बसून काढीत, ती हौस म्हणावयाची काय?

उन्हाने माणसे दगावतात, हे आपण बातमीत वाचतो आणि पान उलटतो. २०१० च्या मे महिन्यात अहमदाबादेत नेहमीपेक्षा १,३४४ मृत्यू अधिक झाले, असे संशोधकांनी मोजले आहे. त्यानंतर २०१३ साली त्या शहराने उष्म्यापासून रक्षणाची योजना आखली, आणि पुढे गरीब वस्त्यांतील छपरांना पांढरा रंग देण्याचे कामही हाती घेतले. पांढरे छप्पर पुष्कळसे ऊन परतवून लावते. त्याला ना तार लागते, ना बिल येते.

म्हणून माझे सांगणे एवढेच की क्रम उलटा करावा. आधी छप्पर पांढरे करावे, पत्र्याखाली छत घालावे, पश्चिमेच्या खिडकीवर पडदा सोडावा. मग तारा तपासून घ्याव्यात. एवढे झाल्यावर कदाचित दीड टनाऐवजी एक टन पुरेल, कदाचित पंख्यावरही निभेल. यंत्र घेतलेच तर ते घरातील सर्वांत वृद्ध माणसाच्या खोलीत बसवावे.

आणि एक सूचना मंडळापुढे ठेवते. आपल्या आळीत पत्र्याखाली एकट्या राहणाऱ्या वृद्ध भगिनी किती, ह्याची यादी आपण पाडव्यापूर्वी करू या. चुन्याची दोन पोती आणि चार तरुण मुले मिळविणे काही कठीण नाही. मंडळाच्या पुढील वर्षाच्या कार्यक्रमात हळदीकुंकवाच्या शेजारी ह्या कामालाही एक ओळ मिळावी, अशी माझी विनंती आहे.