पन्नास हर्ट्झची लावणी

हा लेख खरं तर 'जुना रेकॉर्ड प्लेअर कसा घ्यावा' असा होणार होता. पण मध्येच आजी आली, आणि मग इतिहास आला.

माझं गाव अकलूज. साखर कारखान्याचं आणि लावणीचं. १९९३ मध्ये इथे राज्यस्तरीय लावणी स्पर्धा सुरू झाली, पण आमच्या घरात लावणी त्याच्या कितीतरी आधी आली होती, आजोबांच्या ट्रंकेतून. 'पिंजरा'ची (१९७२) रेकॉर्ड आणि सुलोचना चव्हाणांच्या चार छोट्या तबकड्या. प्लेअर मात्र कधीच भंगारात गेला होता. आजोबा गेल्यापासून ती ट्रंक कुणी उघडलीच नव्हती.

म्हणून एका रविवारी पुण्याच्या जुन्या बाजारातून एक अमेरिकन टर्नटेबल उचललं. जड प्लॅटर, लाकडी बैठक, एकदम रुबाबदार. स्टेप-डाऊन ट्रान्सफॉर्मर लावला, शनिवारी अकलूजला नेलं, आजीला समोर बसवलं आणि सुई टेकवली.

आजी दोन मिनिटं ऐकत राहिली. मग म्हणाली, "ही बाई आजारी हाय का रं?"

खरंच, सुलोचनाबाई तापात गात असल्यासारख्या वाटत होत्या. पेटीच्या भाषेत सांगायचं तर काळी चारचं गाणं पांढरी चारवर उतरलं होतं.

इथे जरा मागे जाऊ. १९०२ मध्ये गाइसबर्ग नावाच्या साहेबाने कलकत्त्यात गौहर जानचं गाणं मुद्रित केलं. तबकड्या छापल्या जर्मनीत, हॅनोव्हरला, आणि बोटीने परत आल्या. १९०८ मध्ये कलकत्त्यातच कारखाना निघाला. गंमत म्हणजे त्या ७८ फेऱ्यांच्या तबकड्यांमधली लाख जगभर आपल्याकडूनच जायची. १९४८ मध्ये अमेरिकेत विनाइलची एलपी आली. तिची खाच बारीक, सुईही बारीक. त्यामुळे पुढच्या बऱ्याच प्लेअर्सना उलटवता येणारी सुई असायची, एक बाजू ७८ साठी, दुसरी एलपीसाठी. चुकून जाड सुईने एलपी वाजवली की तिचं मातेरं.

आपल्याकडे परदेशी सामानावर जबर कर. त्यामुळे खरी हाय-फाय यायची ती आखातातल्या काकांच्या बॅगेतून, बोटीवरच्या खलाशाकडून, नाहीतर मुंबईच्या चोर बाजारातून. बाकीच्यांसाठी एचएमव्हीचे सुटकेससारखे प्लेअर आणि १९७० मध्ये कलकत्त्यात सुरू झालेल्या सोनोडाइनसारख्या देशी कंपन्या. मग ऐंशीच्या दशकात स्वस्त कॅसेट आल्या, १९९१ नंतर बाजार खुला झाला आणि ही सगळी यंत्रं माळ्यावर गेली. आज जुन्या बाजारात आपण घासाघीस करतो ती याच माळ्यावरच्या मालासाठी.

तर माझा आजारी अमेरिकन. मागची पट्टी वाचली: १२० व्होल्ट, ६० हर्ट्झ. ट्रान्सफॉर्मर व्होल्टेज बदलतो, हर्ट्झ नाही! ही सिंक्रोनस मोटर विजेच्या लाटांवर पाय टाकून चालते. आपली वीज ५० हर्ट्झची, म्हणजे मोटर सहापैकी पाचच पावलं टाकणार. ३३⅓ च्या जागी जेमतेम २७.८ फेऱ्या. चार वर्षं इंजिनिअरिंग केलं आणि हे आजीच्या कानाने आधी पकडलं. (डायरेक्ट ड्राइव्हवाल्यांनी हसू नये. तुमची मोटर वेगळी.)

उपाय सोपा: मोटरची पुली सहापंचमांश जाड करायची. उसाच्या चरकाची आणि पंपांची कामं करणारे लेथवाले मामा पितळेचा तुकडा फिरवत म्हणाले, "इंजिनेर हायस नव्हं? मग पट्ट्याची जाडी कोण धरनार?" बरोबर होतं. पट्टा एक मिलिमीटरही नसतो, पण पुलीवर तो धरला नाही तर एकेक टक्का वेग चुकतो. दुसरी पुली जमली. कागदावर १८० पट्ट्यांचं चक्र छापून जुन्या ट्यूबलाइटखाली फिरवलं. पट्ट्या जागच्या जागी थांबल्या, म्हणजे बरोबर ३३⅓.

आता कबुली. या सगळ्या उत्साहात मी सुई तपासलीच नव्हती. पहिल्या दिवशी वाजवलेल्या तबकडीची एक बाजू आता खरखरते. भिंगाखाली पाहिलं तर सुईचं टोक तुटलेलं होतं. आजोबांनी पन्नास वर्षं जपलेलं मी एका दुपारी खरवडलं. आजीला सांगितलं. ती एवढंच म्हणाली, "दुसरी बाजू लाव."

म्हणून घेताना हे चार पाहा. मागच्या पट्टीवरचे हर्ट्झ. प्लॅटर हाताने फिरवून बेअरिंग घासतंय का. अॅम्प्लिफायर गुणगुणत असेल तर कपॅसिटर सुकलेत. आणि सुई? जुनी सुई कितीही छान दिसो, नवीनच टाका. प्लेअर पुन्हा मिळतो, तबकडी नाही.

सुलोचनाबाई १० डिसेंबर २०२२ ला गेल्या. आमच्या घरी त्या परवा पुन्हा काळी चारमध्ये गायल्या, आणि आजीने डोळे मिटून मांडीवर ताल धरला.

असो. नवीन सुई शनिवारी येतेय.