पहिली पॉइंट टू टू रायफल घेताना

प्रतिनिधी

बेलपाडा (ता. पनवेल) : पॅरिस ऑलिंपिकमध्ये १ ऑगस्ट २०२४ रोजी कोल्हापूर जिल्ह्यातील कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळे याने ५० मीटर रायफल थ्री पोझिशन प्रकारात ४५१.४ गुणांसह ब्राँझपदक पटकाविले. या प्रकारात भारताला मिळालेले हे पहिलेच ऑलिंपिक पदक. गुडघ्यावर बसून, झोपून आणि उभ्याने अशा तीन स्थितींत ज्या शस्त्राने हा खेळ खेळला जातो, ती .२२ बोअरची, हाताने बोल्ट मागेपुढे करून प्रत्येक वेळी नवे काडतूस भरावी लागणारी रायफल. नेमबाज तिला 'पॉइंट टू टू' म्हणतात.

बेलपाडा, खारघर, पनवेल या पट्ट्याला नेमबाजी नवी नाही. अथेन्स ऑलिंपिकमध्ये (२००४) दहा मीटर एअर रायफलची अंतिम फेरी गाठणाऱ्या सुमा शिरूर यांनी २००६ मध्ये पनवेलला लक्ष्य शूटिंग क्लब सुरू केला. त्यांच्या मार्गदर्शनाखाली अवनी लेखरा हिने टोकियो पॅरालिंपिकमध्ये एअर रायफलचे सुवर्ण आणि ५० मीटर थ्री पोझिशनचे ब्राँझ अशी दोन पदके मिळविली. हवेच्या रायफलीवर दोन-तीन वर्षे काढलेला मुलगा किंवा मुलगी 'आता पॉइंट टू टू हवी' असे म्हणू लागते, तेव्हा नोकरदार पालकांपुढे मोठा प्रश्न उभा राहतो. रक्कम लाखांत जाते, कायदा कडक आहे आणि चुकीची खरेदी सहजासहजी परत करता येत नाही. म्हणूनच या खरेदीची पूर्वतयारी कशी करावी, याचा हा आढावा.

बोल्ट म्हणजे काय?

नळीच्या मागील तोंडाशी सरकणारा पोलादी दांडा म्हणजे बोल्ट. त्याची मूठ उचलून मागे ओढली की रिकामे काडतूस बाहेर पडते, पुढे ढकलून खाली दाबली की नवे काडतूस नळीत जाऊन तोंड बंद होते. गोळी सुटताना बोल्ट जागचा हलत नाही, त्यामुळे अचूकता साधते. बोल्ट उघडा असला की रायफल निर्धोक आहे, हे दुरूनही दिसते. शिकाऊ नेमबाजाच्या दृष्टीने हा दुसरा गुण पहिल्याइतकाच मोलाचा आहे.

याच रचनेची .३०३ ली-एनफिल्ड रायफल महाराष्ट्राच्या पोलिसांच्या खांद्यावर वाचकांनी पाहिली असेल. ती मात्र प्रतिबंधित बोअरची असल्याने सामान्य नागरिकाला मिळत नाही. लष्करी काडतूस नागरिकांच्या हाती जाऊ नये, या ब्रिटिशकालीन धोरणातून .३१५ बोअरची 'स्पोर्टिंग' रायफल पुढे आली. पश्चिम बंगालमधील ईशापूर येथील सरकारी कारखान्यात ती तयार होते. आयुध निर्माणी मंडळ १ ऑक्टोबर २०२१ रोजी बरखास्त झाल्यानंतर हा कारखाना ॲडव्हान्स्ड वेपन्स अँड इक्विपमेंट इंडिया लिमिटेड या सरकारी कंपनीकडे आला.

'स्वस्तात बोल्ट ॲक्शन' म्हणून अनेकांचे लक्ष प्रथम या .३१५ कडे जाते. पण ऑलिंपिकच्या ५० मीटर प्रकारात ती चालत नाही. तिचा धक्का मोठा, काडतूस महाग आणि ५० मीटरच्या रेंजवर तिचा सराव करता येत नाही. शिकारीसाठी म्हणावे, तर १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर तो मार्ग बंद आहे. खेळासाठी घ्यायची असेल तर .२२ लाँग रायफल काडतुसाचीच घ्यावी.

आधी परवाना, मग पसंती

चार आणि साडेचार मिलिमीटरच्या गप्पा एअर रायफलपर्यंत ठीक. २०१६ च्या शस्त्र नियमांनुसार ४.५ मिमी व्यास आणि २० ज्यूल ऊर्जेच्या मर्यादेतील हवेच्या रायफलीला परवाना लागत नाही. पॉइंट टू टू हे मात्र अग्निशस्त्र आहे. १९५९ च्या शस्त्र कायद्याखालील परवान्याशिवाय ते विकत घेणे तर सोडाच, घरात ठेवणेही गुन्हा ठरतो.

बेलपाडा, खारघर, पनवेल शहर हा भाग नवी मुंबई पोलीस आयुक्तालयाच्या हद्दीत येतो. त्यामुळे येथील रहिवाशांचा परवाना पोलीस आयुक्त देतात. आयुक्तालयाबाहेरील रायगडकरांना अलिबागच्या जिल्हाधिकाऱ्यांकडे अर्ज करावा लागतो. अर्जासोबत ओळख व पत्त्याचा पुरावा, वैद्यकीय प्रमाणपत्र, शस्त्रसुरक्षेच्या प्रशिक्षणाचे प्रमाणपत्र आणि शस्त्र सुरक्षित ठेवण्याची हमी द्यावी लागते. क्लबचे सदस्यत्व, स्पर्धांतील गुणांची प्रमाणपत्रे आणि संघटनेची शिफारस जोडल्यास अर्जामागचे कारण स्पष्ट होते.

परवान्यासाठी वयाची अट सर्वसाधारणपणे २१ वर्षे आहे. बारा वर्षांवरील कनिष्ठ नेमबाजांना विहित अटींखाली आणि देखरेखीत सराव करता येतो. २०१९ च्या दुरुस्तीनंतर सामान्य परवानाधारकाला तीनऐवजी दोनच शस्त्रे बाळगता येतात, तर परवान्याची मुदत तीनवरून पाच वर्षांवर गेली. नेमबाज खेळाडूंसाठी शस्त्रांची आणि काडतुसांची मर्यादा वेगळी ठरविलेली आहे. परवाना हाती येण्यापूर्वी कोणालाही विसार देऊ नये, हा या खरेदीचा पहिला नियम.

पैशांची विभागणी

बहुतेक कुटुंबे सारी रक्कम रायफलीवर खर्च करतात आणि मग काडतुसांसाठी हात आखडता घेतात. येथेच गणित चुकते. आठवड्यातून दोन सराव, प्रत्येक सरावात ६० गोळ्या आणि वर्षातील ४५ आठवडे धरले, तर ५,४०० काडतुसे लागतात. एका काडतुसामागे दहा रुपयांचा फरक पडला, तरी वर्षाकाठी ५४ हजार रुपये वाढतात. रायफल एकदाच घ्यायची असते. काडतुसे, जॅकेट-पँट, हातमोजा, पट्टा, रेंजचे शुल्क आणि स्पर्धांचा प्रवास हा खर्च मात्र चालूच राहतो. हातातील रकमेतून पहिल्या वर्षाच्या काडतुसांची आणि कपड्यांची तरतूद आधी बाजूला काढावी. उरलेल्या रकमेत बसेल तीच रायफल आपली.

माफक रकमेत तीन वाटा आहेत. पहिली, क्लबची रायफल वापरणे. किमान सहा महिने हा मार्ग धरावा, कारण एअर रायफलवर उत्तम असणारा प्रत्येक जण झोपून किंवा गुडघ्यावर बसून तितकाच रमतो असे नाही. दुसरी, वरच्या वर्गात गेलेल्या नेमबाजाची वापरलेली जर्मन मॅच रायफल घेणे. अन्शुट्झ कंपनीच्या '६४' ॲक्शनच्या रायफली शिकाऊ खेळाडूला पुरेशा असतात. '५४' ॲक्शनची १९०७ किंवा १९१३ ही मॉडेल्स जुनी असली, तरी नीट राखलेली असल्यास राष्ट्रीय पातळीपर्यंत साथ देतात. तिसरी, साध्या लाकडी दस्त्याची स्पोर्टिंग .२२ रायफल. ती स्वस्त पडते. पण गालाची पट्टी, दस्त्याची लांबी आणि खांद्याची पट्टी त्यात फारशी बदलता येत नाही, आणि वाढत्या वयाच्या मुलाला ती वर्षभरात अपुरी पडते. तेवढ्याच पैशांत वापरलेली मॅच रायफल मिळत असेल, तर तीच घ्यावी.

जुनी रायफल पारखताना

.२२ च्या काडतुसात शिशाची गोळी आणि कमी दाब असल्याने नळी हजारो गोळ्या सहज झेलते. ती बिघडते ती बहुधा गंजाने किंवा चुकीच्या सफाईने. कोकणच्या पावसाळ्यात कपाटात विसरलेली रायफल वरून चकचकीत आणि आतून खड्डे पडलेली असू शकते. म्हणून पुढील गोष्टी तपासल्याशिवाय व्यवहार करू नये.

नळीच्या आत प्रकाश टाकून आटे स्वच्छ व सलग दिसतात का, हे पाहावे. नळीच्या पुढच्या कडेवर टवका उडालेला असेल, तर अचूकता कायमची जाते. बोल्ट अडखळता कामा नये, आणि रिकामे काडतूस दर वेळी बाहेर पडले पाहिजे. चाप प्रत्येक वेळी त्याच दाबाला सुटला पाहिजे. लाकडी दस्त्यावर, विशेषतः स्क्रूच्या भोवती, चीर नसावी. मागील डायॉप्टर आणि पुढील माशी मूळचीच व पूर्ण आहे ना, याची खात्री करावी. हे भाग वेगळे घेतल्यास भरमसाट पडतात. डावखुऱ्या खेळाडूने डाव्या हाताच्या बोल्टचीच रायफल शोधावी.

शेवटची परीक्षा कागदी लक्ष्यावर. रायफल टेकूवर ठेवून, ५० मीटरवर, निदान तीन प्रकारच्या काडतुसांचे दहा-दहा गोळ्यांचे गट पाडून पाहावेत. पन्नास मीटरच्या लक्ष्यावर दहाचे वर्तुळ अवघे १०.४ मिलिमीटरचे असते. एकाही काडतुसाचा गट त्याच्या जवळपास येत नसेल, तर किंमत कितीही कमी असली तरी ती रायफल सोडून द्यावी. प्रत्येक नळीला वेगळे काडतूस मानवते, त्यामुळे एका काडतुसावरून निष्कर्ष काढणे अन्यायाचे ठरते. ही परीक्षा मालकाच्या उपस्थितीत आणि प्रशिक्षकाच्या देखत व्हावी.

व्यवहाराचे कागद

रायफलवरील क्रमांक आणि विक्रेत्याच्या परवान्यावरील क्रमांक अक्षरशः जुळला पाहिजे. खासगी व्यक्तीने शस्त्र विकण्यापूर्वी जिल्हा दंडाधिकारी किंवा नजीकच्या पोलीस ठाण्याला लेखी कळवून किमान ४५ दिवस थांबावे, असे शस्त्र कायद्याचे कलम ५ सांगते. म्हणून 'आज पैसे, आज रायफल' असा आग्रह धरणाऱ्यापासून दूर राहावे. खेळाडूने सीमाशुल्काच्या सवलतीत आयात केलेल्या रायफलीच्या फेरविक्रीवर निर्बंध असतात, ते कागद मागून घ्यावेत. खरेदीनंतर रायफलची नोंद आपल्या परवान्यावर करून घेईपर्यंत व्यवहार पुरा झाला असे समजू नये.

घरी आल्यावर

फ्लॅटमध्ये रायफल ठेवायची, तर भिंतीला बोल्टने घट्ट बसविलेले पोलादी कपाट हवे. बोल्ट रायफलमधून काढून वेगळा, काडतुसे वेगळ्या कुलपात आणि किल्ली परवानाधारकाकडेच. पावसाळ्यात कपाटात ओल शोषणाऱ्या पुड्या ठेवून आठवड्यातून एकदा नळी पाहावी. सफाई मागच्या बाजूने, नळीला न घासणाऱ्या गजाने करावी.

.२२ ची गोळी लहान दिसते, पण ती दीड किलोमीटरपर्यंत जाऊ शकते. खारघरच्या डोंगरावर किंवा गावाकडच्या माळावर 'जरा करून पाहू' म्हणणे जीवघेणे आहे. लग्नात वा मिरवणुकीत आनंदाने गोळीबार करून दुसऱ्याचा जीव धोक्यात घालणाऱ्यास २०१९ च्या दुरुस्तीनुसार दोन वर्षांपर्यंत कैद, एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. सराव मान्यताप्राप्त रेंजवरच करावा. मुंबईत महाराष्ट्र रायफल असोसिएशनची वरळीची रेंज आणि पुण्यात बालेवाडीचे क्रीडासंकुल ही त्यासाठीची परिचित ठिकाणे आहेत. निवडणुकीच्या आचारसंहितेत शस्त्रे जमा करण्याचे आदेश निघतात; खेळाडूंनी सवलतीसाठी वेळेत अर्ज करावा.

थोडक्यात, घाई नको. सहा महिने क्लबच्या रायफलीवर सराव, तोवर परवान्याचा अर्ज, काडतुसांचे पैसे बाजूला आणि मग कागदावर गट पाडून पारखलेली जुनी मॅच रायफल. हा क्रम पाळला, तर मध्यमवर्गीय घरालाही हा खेळ परवडू शकतो. मुलाचे मन वर्षभराने दुसरीकडे वळले, तरी नीट राखलेल्या अशा रायफलीला पुढचा नेमबाज मिळतो, आणि घातलेल्या पैशातला मोठा वाटा परत येतो.