टिपणवहीची कुळकथा

वाचलेल्या ग्रंथांची टिपणवही ही केवळ स्वतःपुरती ठेवावयाची चीज, तीत दुसऱ्याने डोकावू नये, अशी सर्वत्र समजूत दिसते. परंतु या वहीचे कूळ शोधू जाता तिची वाट बहुधा दुसराच कोणी पाहत असे, असे आढळते.

रोमन सरदार थोरला प्लिनी भोजनास बसला असता, इतकेच काय, स्नानानंतर अंग पुसून घेत असताही, ग्रंथ वाचवून घेई आणि टिपणे उतरवी. प्लिनी स्पेनात मुलकी कारभारावर असता लार्सियस लिसिनस नामक गृहस्थाने त्या टिपणांस ४,००,००० सेस्टर्स (रोमन नाणी) देऊ केले होते. तो सौदा झाला नाही, आणि सन ७९ मध्ये व्हेसूव्हियसच्या उद्रेकात प्लिनी निवर्तला तेव्हा, बारीक अक्षरात दोन्ही अंगांनी लिहिलेली १६० बाडे भाच्याच्या वारशास आली. त्यांतले एकही आज उपलब्ध नाही.

कॉन्स्टॅन्टिनोपलचा फोटिअस याहून भाग्यवान ठरला. नवव्या शतकात परमुलखी वकिलातीवर निघाला असता, आपल्या गैरहजेरीत वाचलेल्या ग्रंथांचा गोषवारा मिळावा, असा त्याच्या टारासिओस नामक भावाने आग्रह धरला. त्यातून सुमारे २८० नोंदींचा ग्रंथ सिद्ध झाला. त्यात केवळ सारांश नाही; अमक्याची शैली फुगीर, तमक्याची नितळ, असा निवाडाही आहे, आणि माझ्या मते वाचकाच्या टिपणवहीचा खरा मूळपुरुष हाच. इराणच्या दरबारी राहिलेल्या क्टेसियस या ग्रीक वैद्याचा इतिहास लुप्त झाला, तरी त्याची बहुतांश ओळख आपणांस या नोंदींवरूनच होते.

वहीत टिपलेले उतारे पुन्हा सापडावेत कसे, ही अडचण मात्र उरलीच होती. तत्त्वज्ञ जॉन लॉक याने १६८६ मध्ये, त्वानार या स्नेह्यास उद्देशून लिहिलेल्या फ्रेंच लेखात, आपली बहुत वर्षांची युक्ती प्रकट केली: विषयाच्या शब्दाचे आद्याक्षर घ्यावे, त्यापुढील पहिला स्वर घ्यावा, आणि वहीच्या आरंभी आखलेल्या कोठ्यात त्या जोडीसमोर पृष्ठांक मांडावा. बाराखडी घोकलेल्या आपणांस यात मोठेसे नवल वाटणार नाही. परंतु त्यामुळे कोरी वही भरता भरताच सूची तयार होई, आणि पाने आगाऊ वाटून ठेवण्याचा अपव्यय टळे.

१७७० च्या सुमारास लंडनचा पुस्तकविक्रेता जॉन बेल याने याच पद्धतीची वही छापली. तिची पाने कोरी होती, आणि तरीही ती दाम मोजून घेतली जाई.