तवकीर

तवकीर (शास्त्रीय नाव: कुर्कुमा अंगुस्टिफोलिया) ही हळद व आले यांच्या झिंजिबरेसी कुलातील बहुवर्षायू वनस्पती आहे. हिंदीत तिला तिखूर म्हणतात. मध्य भारतातील जंगलांत, विशेषतः छत्तीसगडमधील बस्तर परिसरात, ती रानटी अवस्थेत आढळते. विल्यम रॉक्सबर्ग यांनी १८१० मध्ये तिचे शास्त्रीय वर्णन केले. तिच्या कंदांतील स्टार्चलाही तवकीरच म्हणतात. तो पचनास हलका मानला जात असून उपवासाच्या व आजारी माणसांच्या आहारात वापरला जातो. मूळ अमेरिकेतील आरारूट ही वनस्पती निराळी असली, तरी मराठीत तिच्या स्टार्चलाही अनेकदा तवकीर म्हटले जाते.

स्टार्च काढण्याची पारंपरिक पद्धत

पावसाळ्यानंतर पाने वाळली की कंद खणून काढतात. ते धुऊन, सोलून दगडावर वाटतात, लगदा पाण्यात कालवतात आणि कापडातून गाळून घेतात. तळाशी बसलेल्या साक्यावरील पाणी, कडवटपणा जाईपर्यंत, पुन्हापुन्हा बदलतात. शेवटी साका उन्हात वाळवतात.

पीक म्हणून मूल्यमापन

रानटी वनस्पतीच्या कंदात स्टार्च आहे, एवढ्यावरून ती पीक म्हणून किफायतशीर ठरत नाही. दर हेक्टरी कंदांचे उत्पादन, कंदांतून प्रत्यक्ष हाती येणारा स्टार्च, पिकाचा कालावधी, मजुरी आणि पाण्याची गरज यांचा एकत्रित विचार करावा लागतो.

या बाबतीत तुलना साबुदाण्याचा कच्चा माल असलेल्या कसाव्याशी होते. त्याच्या ताज्या कंदात साधारण २५ ते ३० टक्के स्टार्च असतो. शिवाय त्याची लागवड खोडाच्या तुकड्यांपासून होत असल्याने सर्व कंद विक्रीस उरतात. तवकिरीत मात्र कंद हेच बियाणे असल्याने उत्पादनाचा काही भाग पुढील हंगामासाठी राखावा लागतो. त्यामुळे स्वस्त औद्योगिक स्टार्चऐवजी अधिक दर मिळणारा खाद्य स्टार्च म्हणून तिला अधिक वाव आहे.

लागवडीचे महत्त्व

कंद खणला की झाडच नाहीसे होते. लागवडीविना मागणी वाढल्यास रानातील साठा घटतो आणि कंद गोळा करणाऱ्या आदिवासी कुटुंबांचे उत्पन्नही धोक्यात येते. कंदाचे काही तुकडे जागेवरच पुरून ठेवल्यास पुनर्वाढ होऊ शकते; मात्र वाढत्या मागणीसाठी शेतातील लागवडच आवश्यक ठरते. रायपूरच्या इंदिरा गांधी कृषी विश्वविद्यालयाच्या जगदलपूर येथील केंद्रात या पिकावर संशोधन झाले आहे.